वरची मूठ

आमच्या दिवाळे गावातली सुमित्राबाई ‘बाहेर’ हा शब्द तोंडातून काढत नसे. आमच्या बोलीत तो ‘भायेर’ होतो, तोही नाही. ओटीवर कुत्रं चढलं तर म्हणायची, “घाला त्याला अंगनात.” तिचा नवरा देवजी कुठं गेला म्हणून कुणी विचारलं तर, “हाय तिकरं कुटंतरी.” थोरली सून पहिल्यांदा चार दिवस वेगळी बसली तेव्हा आलेल्या पाहुणीला ती एवढंच बोलली, “ती आज घरान नाय.” पाहुणी बिचारी सुनेला शोधत पार होड्या लागतात तिथवर जाऊन आली.

नव्या सुना हसायच्या. म्हातारीची जीभ अडकते म्हणायच्या. जीभ कसली अडकते! बाजारात बसली की तिच्या जिभेवरून होडी ढकलावी अशी ती सुळसुळीत चालायची. त्या एका शब्दाची तिला लाज होती. ती लाज कशी लागली ते आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. मी तिथं होतो. माझी आई विमलबाईही होती, आणि त्यात तिचाही वाटा आहे. तोही सांगतो. आई आता नाही, आणि असती तरी ‘सांग’ म्हणाली असती.

सुमित्राबाई म्हणजे काळी, उंच, पायाचे पंजे बाप्यासारखे. खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून चालायची सवय, त्यामुळं डांबरी रस्त्यावरसुद्धा पाय उचलून उचलून टाकायची. देवजीची होडी होती तोवर ओली मासळी विकली. मग खाडी हळूहळू रोड झाली. जाळ्यात यायचं ते कमी, आणि येईल त्याला वास. देवजीनं होडी उपडी घातली आणि पावणे गावच्या एका कारखान्यात दारावर वॉचमन म्हणून उभा राहिला. मीही तिकडंच पाळीला जायचो. घरातल्या बाप्यांचे असे गणवेश झाल्यावर बायांनी सुकं धरलं. समुद्राकाठच्या गावांतून बोंबील, जवळा, मांदेली आणायची आणि विकायची.

त्या समुद्राकाठच्या गावांनी मिळून सुक्या मासळीचं एक मंडळ केलं होतं. मंडळातलं कुठलंही गाव मंडळातल्या कुठल्याही गावच्या बाजारात बसू शके, बसायची पट्टी द्यावी लागत नसे. भाव सगळीकडं एक. आणि जो मंडळात नाही त्याला सगळीकडं सारखाच चढा भाव; मग तो कुणाचा मेहुणा असो की व्याही. वाशीला तेव्हा इमारतीमागून इमारत उठत होती, नोकरदार माणसं राहायला येत होती, आणि त्यांच्यासाठी जो नवा बाजार होणार होता त्यात सुक्या मासळीचे पक्के ओटे मंडळाच्या सभासदांना मिळणार होते. डोक्यावर पत्रा, खाली धुवायला नळ.

सुमित्राबाईला तो ओटा पाहिजे होता. जन्मभर ती रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसली होती आणि कुणी काठी आपटत आलं की पाटी उचलून पळाली होती. पळताना एकदा बोंबलांवरून ट्रक गेला. “मना उटवनारा कोनी नको,” एवढंच ती म्हणायची. दिवाळ्याच्या सुकंवाल्या बायांना घेऊन ती मंडळाच्या दारात गेली ती त्यासाठी.

मंडळाचा चिटणीस नंदकिशोर. मूळचा घाटावरचा, फोर्टात एका आयात-निर्यातीच्या हापिसात नोकरीला, वाशीच्या सोसायटीत राहायला. मंडळाचं लिहिणं-वाचणं तो सुट्टीच्या दिवशी करी. माणूस चांगला होता. आमच्या बंदरावर येऊन बसला, चहा घेतला, आणि बायांना समजावून सांगू लागला.

“एकदम सभासद नाही होता येत, सुमित्राबाई. आधी करार करायचा. त्याला आम्ही जोडसभासद म्हणतो. आमच्या अटी तुम्ही आजपासून पाळायच्या, मग आम्ही बघणार, आणि मग आत घेणार. हे मी माझ्या मनाचं नाही सांगत. तिकडं युरोपात देशांचं असंच एक मंडळ आहे. ग्रीस नावाचा देश आहे, त्यानं आधी असाच करार केला. कितीतरी वर्षं दारात बसला, त्यांचे नियम शिकला. आता त्याला आत घेतायत.”

“नायतर?” सुमित्राबाई म्हणाली.

“नाहीतर काय?”

“नाय घेतला तर?”

नंदकिशोर जरा घुटमळला. खोटं बोलणारा नव्हता. “तुर्की म्हणून एक देश आहे. त्यानंही त्याच सुमाराला करार केला. तो अजून दारातच आहे.”

“आगो बाय!” बाया हळहळल्या. “तिना कनाला नाय घेतली?” तुर्की ही कुणी बाईच आहे असं त्यांनी धरून टाकलं होतं, आणि शेवटपर्यंत तसंच धरलं.

“त्याची बरीच कारणं आहेत,” नंदकिशोर म्हणाला. “टेन्शन घेऊ नका.”

माझी आई मागून बोलली, “म्हंजे आज पायान जोडवी घालनार. गल्यान मनी कवा बांदतील त्याचा भरवसा नाय. त्या तुर्कीवानी जोडवी वाजवीत बसाचा दारान.”

सगळ्या हसल्या. नंदकिशोरही हसला. जोडसभासद हा शब्द तिथंच मेला. त्या दिवसापासून आमच्या बाया ‘जोडवीवाल्या’ झाल्या.

करार मी वाचून दाखवला. छापील मराठी मला वाचता यायची म्हणून माझ्याकडं दिला. मंडळाचा माल दिवाळ्याच्या बाजारात लगेच बिनपट्टीचा येणार होता. दिवाळ्याच्या बाया मंडळाच्या बाजारात बसणार होत्या पुढं, सभासद झाल्यावर. पाटीनं विकायचं बंद, तराजू ठेवायचा. भाताच्या बदल्यात मासळी द्यायची नाही, रोकड घ्यायची. आणि मंडळाच्या ‘बाहेरच्या गिऱ्हाइकास’ ठरल्या भावात, मापाबरहुकूम, वर काही न देता माल द्यायचा.

“वर काय नाय म्हंजे?” एकीनं विचारलं. “मूठ पन नाय?”

“मूठ पण नाही,” नंदकिशोर म्हणाला. “एकानं मूठ दिली की दुसऱ्याचा भाव पडतो. सगळ्यांचा नियम एक पाहिजे, नाहीतर मंडळ कशाला?”

मापाच्या वर मूठ घालणं हे आमच्याकडं दान नव्हतं आणि सूटही नव्हती. माप हे मालाचं असतं आणि मूठ ही माणसाची असते असं आमच्या बाया धरून चालत. गिऱ्हाईक ओळखीचं असलं की माप त्याच्या टोपलीत जायचं आणि मूठ पदरात. टोपलीत टाकलेली मूठ म्हणजे अपमान. बाई पदर पसरते आणि दुसरी त्यात मूठ सोडते, दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत नाहीत, आणि झालं.

“आनी मंग आमी आत हाव का भायेर?” सुमित्राबाईनं विचारलं. त्या दिवशी हा शब्द ती इतक्या सहज बोलली होती.

“अर्ध्या आत,” नंदकिशोर म्हणाला.

तिनं अंगठा उठवला.

आता सखूबद्दल सांगायला हवं. डोंगराच्या अंगाला, दिवाळ्यापासून सकाळभर चालीवर, शेतकऱ्यांचं एक लहान गाव होतं, सखू तिथली. तरणेपणी नवरा गेलेला, एक लेक, आणि भाताची चार खाचरं. सुमित्राबाईची आई सखूच्या सासूला जवळा द्यायची, तिच्याकडून भात घ्यायची. पुढं त्या दोघी गेल्या आणि पाट्या या दोघींच्या डोक्यावर आल्या. पावसाळ्याआधी आगोटीची भरणी करायला सखू डोक्यावर भाताचं गाठोडं घेऊन यायची, सुमित्राबाईच्या घरी पेज प्यायची, जवळा नि बोंबील घेऊन जायची. देवजीला तिकडून काकड्या यायच्या. सखूच्या मागोमाग तिच्या गावच्या आणि वरच्या पाड्यांच्या बायाही यायच्या. सखू जिथं घेईल तिथं त्या घ्यायच्या. आमच्या बोलीत अशा गिऱ्हाइकाला ‘वरल्या अंगाची’ म्हणतात. परगावची, परकी असंही म्हणतात. एवढे शब्द होते आमच्याकडं.

करार झाल्यावरच्या पहिल्याच आगोटीला मंडळाचा अध्यक्ष धर्मराज दिवाळ्याचा बाजार बघायला आला. समुद्राकाठचा मोठा असामी, पांढरा शर्ट, दोन ट्रकचा मालक. बरोबर मंडळाची चारपाच माणसं आणि नंदकिशोर. सगळ्यांना ठाऊक होतं की हे जोडवीवाल्यांचं वर्तन बघायला आलेत. सुमित्राबाईनं नवा तराजू चिंचेनं घासला होता. पातळ धुतलेलं, केसात फूल. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ती पाटामागं ताठ बसली होती.

आणि सखू आली. डोक्यावर गाठोडं.

“सुमे, पानी दे गो आदी,” म्हणत तिनं गाठोडं उतरवलं.

सुमित्राबाईनं पाणी दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “सखू, भात नाय चालनार. आता रोकड लागते.”

सखूला वाटलं थट्टा आहे. “रोकड मी कुटून आनू? भात काय गवत हाय?”

“नियम हाय.”

“कोनाचा?”

सुमित्राबाईनं डोळ्यांनीच धर्मराजाकडं दाखवलं. सखूनं त्या पांढऱ्या शर्टाकडं बघितलं, सुमित्राबाईच्या केसातल्या फुलाकडं बघितलं, आणि गाठोडं परत डोक्यावर घेतलं. नाक्यावरच्या वाण्याकडं गेली. भात त्यानं पाडून घेतला असणार, दुसरं काय. पदराला गाठ मारून परत आली. मंडळाची माणसं तोवर सुमित्राबाईच्या पाटापुढंच उभी होती. धर्मराज तराजूची दांडी बोटानं हलवून बघत होता.

सुमित्राबाईनं जवळा तोलला. एरवी तिचा हात सढळ. त्या दिवशी काटा जरा झुकला तर तिनं चिमूट उचलून परत पाटीत टाकली. मी डोळ्यांनी बघितली ती चिमूट. सखूनंही बघितली. बाहेरच्यांचा चढा भाव तिनं गाठ सोडून मोजून दिला, जवळा टोपलीत घेतला.

आणि मग तिनं पदर पसरला.

रागानं नाही, मुद्दाम तर नाहीच. जन्माची सवय. टोपली भरली की हात आपोआप पदराकडं जायचा, तसा गेला. पदर पसरून ती मान वळवून दुसरीकडं बघत उभी राहिली, रीत असते तशी. सुमित्राबाईचा हात जवळ्यात गेलासुद्धा. मूठ वळली होती.

“ही कोण?” धर्मराजानं विचारलं. “तुमची कुणी लागते का?”

मंडळाच्या सभासदाला मूठ चालत होती; घरच्या माणसालाही कुणी हरकत घेतली नसती. ‘बहीन हाय’ म्हणाली असती तरी चाललं असतं, आणि ते फार खोटंही झालं नसतं. पण सुमित्राबाईला त्या क्षणी ओटा दिसत असावा. पत्रा आणि नळ. तिला मंडळाच्या भाषेत उत्तर द्यायचं होतं, करारातल्या शब्दात, म्हणजे धर्मराजाला कळेल की बाई नियम शिकली. तिनं मूठ जवळ्यात सोडून दिली, हात वर काढला, आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“कोन नाय. भायेरची हाय.”

नंदकिशोरच्या मराठीत ‘बाहेरची’ म्हणजे मंडळात नसलेली. आमच्या बोलीत ‘भायेरची’ म्हणजे चार दिवस शिवायची नसलेली, नाहीतर कुणा बाप्यानं ठेवलेली. तिसरा अर्थ नाही. आणि तरणेपणीच विधवा झालेली म्हटल्यावर लोकांना पहिला अर्थ आठवत नाही.

आणि माझी आई, जिला जिभेवर आलेलं गिळता येत नसे, ती पलीकडून ओरडली,

“कोनाची गो भायेरची? देवजीची का?”

फुटला बाजार. कोळणी हसल्या, गिऱ्हाइकं हसली, मंडळाची माणसं हसली. धर्मराजाचं पोट हललं. नंदकिशोरला कळलं नाही, तरी सगळे हसतात म्हणून तोही हसला. मी हसलो असेन, नाही कसा?

आणि सुमित्राबाई हसली.

तिला नंतर लाज वाटली ती ह्याची. शब्द चुकून गेला असं म्हणता आलं असतं, तो शब्द करारातला होता. हसू करारात नव्हतं. पाहुण्यांपुढं राग दाखवायला नको, बाजार हसतोय तर आपणही हसावं, अशी ती दात काढून हसली.

सखूनं पदर खाली घेतला. झटकला नाही. सरळ केला, कमरेला खोचला, टोपली उचलली आणि गेली. जवळा ठेवून गेली नाही. पैसे दिले होते तिनं. पेज प्यायला घरी आली नाही. त्यानंतर ती दिवाळ्याला कधी आली नाही.

धर्मराज जाताना सुमित्राबाईला म्हणाला, “बाई, काटा चोख आहे तुमचा.”

शब्द सखूच्या आधी डोंगराच्या अंगाला पोचला. हळदीत, लग्नात कुणी ना कुणी म्हणायचं, “सखू, दिवाळ्याला जातेस का? देवजी वाट बघतो.” बिचाऱ्या देवजीनं वर्षभर त्या बाजूच्या रस्त्यानं सायकल नेली नाही. सखूमागून वरल्या अंगाच्या बाया पनवेलच्या बाजाराला जाऊ लागल्या.

सुमित्राबाई तो शब्द टाळायला लागली ती तेव्हापासून. आधी आमच्या लक्षात आलं नाही. माझ्या आईच्या आलं. आई त्या दिवसानंतर सुमित्राबाईकडं जास्तच जायला लागली. दोघी बोंबील उलटत बसायच्या.

पुढं एका थंडीत नंदकिशोर पेपर घेऊन आला. “ग्रीस आत गेला! पहिल्या जानेवारीपासून पक्का सभासद!” बायांना आनंद झाला, जशी गावातली पोर चांगल्या घरी पडली. “आनी ती तुर्की?” “ती अजून करारावरच.” परत हळहळ.

सुमित्राबाई मान खाली घालून मांदेली निवडत होती. तिनं विचारलं, “भाऊ, त्या ग्रीसाच्या शेजारनी असतील ना? जुन्या?”

“असतील की.”

“आत जाताना त्यांना काय बोल्ला तो?”

नंदकिशोरनं पेपर परत उघडला, खालीवर बघितला. “ते आलेलं नाही यात,” म्हणाला.

आमच्या बायांचा नंबर लागायला त्यानंतरही दिवस गेले. मंडळाला दिवाळे गाव हवं होतं ते आमच्या रूपासाठी नाही. दिवाळ्यामागं डोंगरापर्यंतची गावं होती, आगोटीला पोत्यानं सुकं भरणारी. ते गिऱ्हाईक मंडळाला पाहिजे होतं. म्हणून शेवटच्या बैठकीआधी धर्मराजाचा निरोप आला: तिकडचं एखादं जुनं गिऱ्हाईक बैठकीला आणा. दिवाळ्याचं माप खरं आहे हे त्याच्या तोंडून ऐकू, आणि सभासद करून टाकू.

तिकडचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे सखू. ती बोलली तर बाकीच्या येणार. दुसरं नाव घेण्यात अर्थ नव्हता.

सुमित्राबाई निघाली. माझी आई बरोबर गेली. वाटेत आईनं विचारलं, “काय बोलशील?” सुमित्राबाई म्हणाली, “आदी माफी मागीन. साक्षीचा मागून बगू.”

सखूची खाचरं गेली होती. नव्या शहरासाठी मोजणी होऊन दगड रोवले होते, भातात तण माजलं होतं. सखू ओटीवर तांदूळ निवडत होती, रेशनचे.

“बस,” ती म्हणाली. ओटीवरच. आत ये म्हणाली नाही. पाणी दिलं, तांब्या खाली ठेवून; हातात नाही.

सुमित्राबाईनं फडक्यातला जवळा पुढं केला.

“काटा आनलास?” सखूनं विचारलं.

“कनाला?”

“मंग मापशील कशी?”

“मापाचा नाय. तुज्यासाटी आनलाय.”

“भायेरच्यांना फुकट द्याचा नियम निगाला का तुमचा?”

आई सांगायची, तिथं सुमित्राबाईनं रडायला पाहिजे होतं, पाय धरायला पाहिजे होते, निदान शिव्या तरी. तोंड उघडलं तिनं, आणि निघालं ते साक्षीचं. बैठक कधी आहे, बस कुठून मिळेल, काय विचारतील. सगळं नीट सांगितलं. सांगून झाल्यावर तिला स्वतःलाच कळलं की माफी राहून गेली, आणि आता मागितली तर ती साक्षीची किंमत होईल. मग ती उठलीच.

सखू म्हणाली, “येतंव. खरा बोलाया मना कनाची लाज?”

जवळ्याचं फडकं तिनं परत हातात दिलं.

बैठक मंडळाच्या वाशीतल्या शेडमध्ये झाली. लोखंडी खुर्च्या, हारांचा वास, त्याच्यावर सुक्याचा वास. टेबलावर नमुन्याला एका परातीत जवळा ठेवला होता. धर्मराज मधोमध, बाजूला नंदकिशोर वही घेऊन. आम्ही दिवाळ्याची माणसं एका कडेला. सखू धुतलेल्या लुगड्यात आली, एकटी बसली.

तिला उभं केलं. धर्मराज गोड आवाजात म्हणाला, “सांगा आजी, न घाबरता. सुमित्राबाईचं माप कसं आहे?”

सखूनं सुमित्राबाईकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघत, सावकाश बोलली.

“माप खरा हाय. तिच्यावानी काटा कुनाचा नाय. मी डोल्यांनी बगितलाय. काटा जरा झुकला तर तिना चिमूट काडून घेतली. एक काडी जास्ती दिली नाय. भात दिला तर भात घेतला नाय. पदर केला तर मूठ घातली नाय. जुना-नवा, घरचा-दारचा, काय बगितला नाय. नियमाची बाय हाय.”

“शाब्बास!” धर्मराजानं टेबलावर हात मारला. शेडभर टाळ्या. “ऐकलंत? गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलंत? याला म्हणतात सभासद!”

माझ्या शेजारी आईनं पदर तोंडाला लावला होता. सुमित्राबाईचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती. तिची लाज कशी होती ते मी सांगू शकत नाही, पण टाळ्या वाजत असताना माणूस लहान होत जातो ते मी बघितलं.

नंदकिशोरनं लिहिता लिहिता विचारलं, “आजी, नाव सखू. आणि सुमित्राबाईंच्या तुम्ही कोण?”

“मी?” सखू म्हणाली. “कोन नाय. भायेरची.”

कुणी हसलं नाही. नंदकिशोरनं ‘बाहेरचे गिऱ्हाईक’ असं लिहिलं. त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

सखू दाराकडं निघाली. तेव्हा सुमित्राबाई उठली. ती सरळ टेबलाकडं गेली, धर्मराजापुढच्या परातीत हात घातला, मूठ भरून घेतली आणि सगळ्या मंडळादेखत सखूच्या आडवी जाऊन उभी राहिली.

“सखू, पदर कर.”

सखूचा पदर कमरेला खोचलेला होता. दोन्ही हात त्यावर. तिनं सुमित्राबाईच्या मुठीकडं बघितलं. मुठीच्या फटीतून दोनचार काड्या खाली पडल्या.

“नको गो,” ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. बसच्या घाईत माणूस बोलतो तसा. “आज तरी नियम मोडू नको. तुजा ओटा जाईल.”

आणि तिच्या बाजूनं निघून गेली.

मूठ तशीच हवेत राहिली. परातीत परत टाकावी तर सगळे बघतायत. खाली सोडावी तर अन्न आहे. “सुमित्राबाई!” धर्मराजानं हाक मारली. त्याला काही कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तो नारळ घेऊन उभा होता. “या, या. आजपासून तुम्ही मंडळाच्या. इकडं या.”

ती गेली. धर्मराजानं नारळ पुढं केला. तिनं डावा हात काढला.

“डाव्या हातानं नाही घेत, बाई,” तो हसत म्हणाला. “पदर करा. पदर पसरा.”

सुमित्राबाईनं डाव्या हातानं पदराचं टोक धरून पुढं केलं आणि मान वळवून दुसरीकडं बघितलं, रीत असते तशी. नारळ धपकन पदरात पडला. परत टाळ्या.

बसस्टॉपवर सखू नव्हती. आधीच्या बसनं गेली असावी. आम्ही चढलो. तिकीट माझ्या आईनं काढलं, कारण सुमित्राबाईच्या पदरात नारळ होता आणि उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. बसभर जवळ्याचा वास सुटला. पुढच्या बाकावरची नोकरदार बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, “कुणी सुकं आणलंय?”

पुढच्या स्टॉपवर कंडक्टर ओरडला, “चला, आत सरका, आत! बाहेरच्यांना चढू द्या!”

सुमित्राबाई आत सरकली.